आबासाहेबांनी न केलेला अर्ज

हुरडा आला की माझं डोकं फिरतं. साऱ्या बीड शहरात हुरड्यावर रागावणारा म्हातारा मी एकटाच असेन. पौषाची थंडी पडली, सकाळी दारादारांत शेकोट्या दिसायला लागल्या, की लोकांना शेत आठवतं, आगटी आठवते, जवसाची चटणी आणि दाट दही आठवतं. मला आबासाहेब आठवतात. त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली, माझे दात गेले, कान निम्मे गेले, पण त्यांच्यावरची चडफड काही जात नाही.

परवा एसटीच्या कंडक्टरनं पिशवी आणून दिली. आत ओल्या फडक्यात गुंडाळलेली गूळभेंडी ज्वारीची कोवळी कणसं, एका डबीत चटणी, मूठभर बोरं आणि कमळचं पत्र. कमळ ही आबासाहेबांची नात. गावच्या शाळेत मुख्याध्यापिका होती, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, पण शाळेनं तिला सोडलेलं नाही आणि तिनं शाळेला. शाळेची नवी इमारत झाली आहे. दारात एक शिळा बसवायची आहे. त्यासाठी कमळनं जुन्या निजामी दप्तरातून कुणाकुणाला गाठून एका कागदाची नक्कल मिळवली आणि ती पाहून ती हरखून गेली आहे. लिहिते, "मास्तर, आजोबांनी शाळेसाठी स्वतः सरकारकडे अर्ज केला होता, हे आम्हाला कुणी कधी सांगितलंच नाही. शिळेवर 'आबासाहेबांच्या अर्जावरून ही शाळा मंजूर झाली' असं कोरायचं ठरलं आहे. तुम्ही एकदा नजर घाला आणि बरोबर आहे एवढं कळवा."

मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मग पत्र उशाखाली ठेवलं. आबासाहेबांनी जन्मात कधी कुणाकडं अर्ज केला नाही. हा तर नाहीच केला.

सूनबाईनं कणसं गॅसवर भाजायला घेतली. या वयात कशाकशावर बोलायचं? पण तो वास घरभर फिरला, तसा मी पुन्हा त्या शेतात जाऊन बसलो. बसलो कसला, ओढला गेलो.

आमचं गाव बीडहून नारायणगडाकडं जाणाऱ्या गाडीवाटेवरचं. आमचं म्हणायचं एवढंच, मी मूळचा अंबेजोगाईचा. तेव्हा निजामाचं राज्य होतं. हैदराबादला एक मजलिस भरायची आणि तीत जिल्ह्याजिल्ह्यांतून सरकारला बरी वाटतील अशी माणसं मेंबर म्हणून नेमली जायची. बीड जिल्ह्याच्या वतीनं तिथं आमचे देशमुख आबासाहेब बसत. 'बसत' हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. तेरा-चौदा वर्षं ते तिथं बसले, आणि बसण्यापलीकडं त्यांनी तिथं काय केलं हे मला आजतागायत कळलेलं नाही.

ते निघायचे तेव्हा मात्र बघण्यासारखं असायचं. काळी शेरवानी, कमरेला बगलूस नावाचा तो दरबारी पट्टा, डोक्यावर दस्तार. दस्तार नीट बसेपर्यंत अर्धी सकाळ जायची आणि दारातले बैल पेंगायला लागायचे. बैलगाडीनं जालन्यापर्यंत, तिथून आगगाडी. परत आले की चावडीवर बसून हैदराबादचं वर्णन. मेजवानीत काय काय होतं, कोणत्या नवाबानं कसा सलाम केला, आणि शेवटी न चुकता, "आपली खुर्ची पयल्या रांगंत हाय." आपली म्हणजे बीड जिल्ह्याची. लोक मान डोलवायचे. पहिल्या रांगेतल्या खुर्चीचं गावाला काय मिळालं, असं कुणी विचारायचं नाही. विचारायची रीतच नव्हती.

नव्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. मोटारीच्या रस्त्याची गोष्ट निघाली तेव्हा म्हणाले, रस्ता आला की गावचा गूळ बाहेर जाईल आणि बाहेरची भांडणं आत येतील. चावडीवर घड्याळ लावू म्हटलं तर म्हणाले, लोक वर बघायचं सोडून देतील. बाजाराचा वार बदलायला त्यांनी तीन वर्षं विरोध केला आणि बदलल्यावर पुढची दोन वर्षं जुन्याच वारी एकटे थैली घेऊन बाजारतळावर जाऊन उभे राहिले. रिकाम्या तळावर. मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि तरी हाच माणूस शाळेसाठी जीव टाकायचा. त्यामुळंच तर राग धड पुरा करता येत नाही. मी बावीस वर्षांचा, नुकता शिकून आलेला, गावात शाळा काढतो म्हणालो तर त्यांनी मारुतीच्या देवळामागची स्वतःची जागा दिली, वर घालायला सागाचे वासे दिले, पाट्या दिल्या, माझ्या वर्षाच्या ज्वारीची पोती पाठवली. मुलींना शाळेत बसवायला आधी साफ नकार दिला. मी हट्ट धरला तेव्हा म्हणाले, पडद्याआड बसतील. पडदाही त्यांनीच दिला, घरातला, जरीकाठी. सहा वर्षांच्या कमळनं तिसऱ्या दिवशी तो ओढून खाली पाडला आणि त्याच्यावर बसून बाराखडी गिरवायला लागली. आबासाहेबांनी दारातून पाहिलं, मिशीवर हात फिरवला आणि निघून गेले. पडदा पुन्हा लागला नाही.

द्यायचं असेल तिथं आबासाहेब सगळ्यांत पुढं. अडचण एकच होती. त्यांना मागता येत नव्हतं.

त्यांच्या घराण्याची हुरड्याची एक रीत होती, तिच्यात हे सारं आलं. शेतात आगटी पेटायची, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसली जायची. पाहुणा मोठा असो की वाटसरू, पहिलं कणीस देशमुखानं स्वतःच्या तळव्यावर चोळायचं, फुंकून फोलपट उडवायचं आणि गरम दाणे पाहुण्याच्या हातावर ओतायचे. तळवे लाल व्हायचे, पण त्यात बदल नाही. त्यांनी मात्र कुणाच्या हातातून हुरडा आपल्या हातावर घ्यायचा नाही. त्यांचा वाटा ताटलीत पडायचा आणि ते तिथून उचलायचे. देशमुखाचा हात कुणाच्या हाताखाली जाता कामा नये. त्यांच्या शेतातला केरबा, जो वर्षानुवर्षं त्यांची आगटी लावायचा, त्यानं मला हे पहिल्याच पौषात समजावून दिलं. मला तेव्हा मोठी मौज वाटली होती. पुढं याच रीतीवर आपली शाळा अडकून पडणार आहे हे कुठं ठाऊक होतं?

वरून हुकूम निघाला. गावोगावी लोकांनी आपल्या हिमतीवर चालवलेल्या शाळांना सरकारची लेखी परवानगी हवी, नाहीतर शाळा बंद. बाकीच्या गावांत पळापळ झाली. आम्ही निवांत. आमचा तर मेंबरच हैदराबादला पहिल्या रांगेत बसणारा. मी उर्दूत सुरेख अर्ज लिहिला, आबासाहेबांनी तो शेरवानीच्या आतल्या खिशात ठेवला, मजलिसीला गेले, परत आले. मी विचारलं, काय झालं? त्यांनी मला बिर्याणीचं सांगितलं. मी म्हणालो, अर्ज? ते म्हणाले, "बघू की. घाई कावून करता?"

दुसरा अर्ज, दुसरी खेप. तिसरा. चौथा. मी प्रत्येक वेळी अक्षर आणखी घोटून काढत होतो. अर्ज वाईट लिहिल्यामुळं काम अडलं आहे अशी माझी समजूत होती. इतका मूर्ख मी होतो.

मग तो पौष आला. सुभ्याचे मोठे साहेब दौऱ्यावर निघाले होते आणि आबासाहेबांनी त्यांना हुरड्याचं आवताण दिलं. मला वाटलं, सुटलो. हैदराबादला जमलं नसेल, भिडस्त माणूस आहे, पण इथं तर स्वतःचं शेत, स्वतःची आगटी. मी पाचवा अर्ज लिहिला, घडी केली आणि सकाळपासून शेतात जाऊन बसलो. त्या सकाळचं मला सगळं आठवतं. गवतावरचं दव, हरभऱ्याचा आंबूस वास, माळ्यावर उभं राहून पाखरं हाकणारा केरबा, घोंगड्यांवर अंथरलेली पांढरी चादर. साहेब आले. पिकल्या दाढीचे, हळू बोलणारे, खरोखर चांगले गृहस्थ. त्यांच्यावर राग धरता आला असता तर किती बरं झालं असतं.

आबासाहेबांनी कणीस चोळलं, साहेबांच्या हातावर ओतलं. साहेबांनी दाणे तोंडात टाकले, डोळे मिटले, मग उघडून म्हणाले, "देशमुखसाब, इलाके में किसी चीज़ की कमी हो तो फ़रमाइए."

असं स्वतःहून विचारणारा अधिकारी माणसाला जन्मात एकदा भेटत असेल. मी अर्ज खिशातून काढून हातात धरला.

आबासाहेब हसले, छातीवर हात ठेवला. "सरकार का दिया सब कुछ है. कोई कमी नहीं."

साहेबांना ते खरं वाटलं नसावं. त्यांनी पुन्हा विचारलं, रस्ता, पाणी, मदरसा? मदरसा म्हणजे शाळाच. घास तोंडापाशी आणून दिला. आबासाहेब म्हणाले, सब आपकी मेहरबानी है. मग साहेबांची नजर माझ्यावर आणि माझ्या हातातल्या कागदावर गेली. हे काय आहे, असं त्यांनी विचारलं. आबासाहेबांनी माझ्या हातातून अर्ज घेतला, अर्धा उलगडला आणि अभिमानानं त्यांच्यापुढं धरला. म्हणाले, आमच्या मास्तरांचं अक्षर बघा. साहेबांनी वरच्या दोन ओळी पाहिल्या. अर्जाच्या वरच्या दोन ओळींत मायन्याशिवाय काय असतं? ते 'वाह' म्हणाले. आबासाहेबांनी कागद घडी करून स्वतःच्या खिशात टाकला आणि पुढचं कणीस चोळायला घेतलं.

मी का बोललो नाही? हा प्रश्न मी स्वतःला जितका विचारला तितका देवानंही मला विचारला नसेल. खरं असं, की त्यांच्या शेतात, त्यांच्या पाहुण्यापुढं, त्यांनी काही कमी नाही म्हटल्यावर मी कमी आहे म्हणणं म्हणजे त्यांना खोटं पाडणं. म्हणजे तीच ती रीत माझ्याही अंगात भिनली होती. मी हुरडा खाल्ला. चांगला होता, हे आणखी वाईट.

आठ दिवसांत कागद आला. परवानगी नसल्यानं शाळा बंद करावी. मी पोरांना घरी पाठवलं. बहुतेक पोरं आनंदानं उड्या मारत गेली, खोटं कशाला बोलू. कमळ गेली नाही. पाटी पोटाशी धरून देवळाच्या पायरीवर बसली आणि विचारलं, "उद्या कवा यायचं, मास्तर?" मी सांगितलं, उद्या नाही. "मग परवा?" मी परवाही नाही म्हणालो. ती परवाच्या पुढं विचारायची थांबली आणि घरी गेली. ते थांबणं मला सहन झालं नाही.

मी तडक शेतात गेलो. उन्हं वर आली होती. आबासाहेब आगटीजवळ एकटेच शेकत बसले होते, केरबा माळ्यावर गोफण फिरवत होता. मी सगळं बोललो. चोवीस वर्षांच्या माणसाला जेवढं बोलता येतं तेवढं, वर थोडं जास्तच. म्हणालो, तुमच्या एका शब्दाचं काम होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मजलिशीत समदे मागत्यात, मास्तर. कुणी कालवा मागतो, कुणी जावयाला नोकरी मागतो. मी एकटा मागत न्हाई. म्हणून तर साहेब माझ्या शेतावर येतो. ह्यो मान माझा न्हाई, जिल्ह्याचा हाय."

मी म्हणालो, त्या मानाचं पोरांनी काय करायचं? पाटीवर गिरवायचा?

ते काडीनं निखारे सारत राहिले. शेरवानी नव्हती, दस्तार नव्हती, अंगावर साधी बाराबंदी आणि खांद्यावर घोंगडं होतं. एक म्हातारा होत चाललेला माणूस. मला त्यांची दया आली नाही, हे मी कबूल करतो. मला एकदम एक गोष्ट दिसली. या माणसाला मागता येत नाही, तसं मागणाऱ्याला नाहीही म्हणता येत नाही. इतके दिवस आम्ही त्यांना सरकारकडं मागायला सांगत होतो. त्यांच्याकडं कुणी मागितलंच नव्हतं.

"मग मी तुमच्याकडं मागतो, आबासाहेब," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा उजळला. सुटल्यासारखे झाले. "मागा की. काय पायजे?"

"तुमची मेंबरी."

वर केरबाची गोफण थांबली. पाखरं ज्वारीवर उतरली, कुणी हाकली नाहीत. आबासाहेबांनी निखाऱ्यातून कणीस ओढलं, तळव्यावर घेतलं, सावकाश चोळलं, फुंकलं. मग माझ्या हातावर दाणे ओतले. चांगले चटका बसणारे.

"दिली," म्हणाले.

तसेच उठले आणि मला घरी घेऊन गेले. खुर्ची रिकामी झाली तर तिथं मागता येणारा कुणी बसेल, एवढाच माझा हिशोब होता. राजीनामा लिहायचा तर कागद, दौत आणि मोहर हवी. मोहरेची पेटी उघडली तर वरच माझे अर्ज. पाचही. एकावर एक नीट रचलेले, तांबड्या फडक्यात बांधलेले, अत्तराचा फाया घातलेले. मी त्यांच्याकडं पाहतच राहिलो. ते जरा शरमले. "अक्षर लई देखणं हाय तुमचं," म्हणाले. "तिकडं गठ्ठ्यात पडून सडलं आसतं." या माणसाचं काय करावं, तुम्हीच सांगा. ज्या अर्जांवर तीसेक पोरांचं भलं लिहिलेलं होतं, ते त्यांनी जपून ठेवले. फाडले असते, फेकले असते, तरी मला समजलं असतं.

त्या रागाच्या भरात मी ते केलं. राजीनामा लिहिता लिहिता मी त्यातच शाळा घातली. 'ज्या गावच्या शाळेला परवानगी नाही त्या गावच्या माणसानं या खुर्चीवर बसणं शोभत नाही, सबब फिदवीची हात जोडून विनंती आहे की शाळेला परवानगी मिळावी आणि राजीनामा कबूल व्हावा.' फिदवी म्हणजे आपल्या पायाचा दास. सरकारदरबारी अर्ज करणारा प्रत्येकजण स्वतःला फिदवी म्हणवतो, त्यात विशेष काही नाही. पण आबासाहेबांच्या नावापुढं हा शब्द तोवर कधी आला नव्हता.

त्यांना उर्दू बोलता यायचं, लिखाण फारसं वाचता यायचं नाही. मी विचारलं, वाचून दाखवू का? मनातून मला वाटत होतं, हो म्हणा. हो म्हणाले असते तर मी ते वाक्य गाळून वाचलं असतं की नाही, देव जाणे. ते म्हणाले, "दिलेल्या चिजेकडं मागं वळून बघायचं न्हाई." आणि मोहर उठवली. मी लिहिलेल्या साऱ्या कागदांपैकी हैदराबादच्या दप्तरात पोचलेला हा एकच.

ज्वारीची काढणी झाली, खळी झाली, होळी गेली. उन्हाळ्याच्या तोंडाशी उत्तर आलं. मी आनंदानं धावतच त्यांच्याकडं गेलो. वाचून दाखवायचं काम माझंच होतं. कडुलिंबाखाली ते बाजेवर बसले होते. मी वाचलं, राजीनामा कबूल. त्यांनी मान हलवली. मी वाचलं, आपल्या दरख्वास्तीवरून शाळेला परवानगी देण्यात येत आहे.

"कुणाच्या दरख्वास्तीवरून?" त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. मी सांगितलं. फिदवीसकट सांगितलं.

ते किती वेळ बोलले नाहीत, मोजायला चावडीवर घड्याळ नव्हतं, त्यांनीच लावू दिलं नव्हतं. मग म्हणाले, "मास्तर, तुमी मागितलं आसतं तर मी घर दिलं आसतं. माझ्या तोंडानं कावून मागितलं?"

"तुमचं तोंड उघडत नव्हतं म्हणून," मी म्हणालो.

हे उत्तर बरोबर होतं. आजही बरोबर आहे असं मला वाटतं. आणि आजही ते आठवलं की मला मान वर करून बसवत नाही.

शाळा सुरू झाली. आबासाहेबांनी परवानगीच्या कागदाला चौकट करून पाठवली, सागाचीच. पण ते पुन्हा शाळेच्या दारात आले नाहीत. देवळात यायचे, मारुतीला नमस्कार करून शाळेकडं पाठ ठेवून परत जायचे. दर पौषात हुरड्याची पहिली टोपली मात्र पोरांना यायची, केरबाच्या डोक्यावरून. माझ्यासाठी वेगळी ताटली. मी आगटीवर गेलो तर मलाही इतरांसारखाच हातावर हुरडा मिळायचा, काही बोलणं नाही, काही कमी नाही.

त्यांच्या जागी दुसरे मेंबर आले. ते मागायचे. रस्ता मागितला, मिळाला, त्यांच्या स्वतःच्या दारापर्यंत. मजलिसीत त्यांची खुर्ची मागच्या रांगेत होती म्हणे, आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. आबासाहेबांनी हे ऐकलं तेव्हा त्यांना जास्त दुःख रस्त्याचं झालं की खुर्चीचं, मला सांगता येणार नाही.

हे सारं मी कुठं कुठं सांगितलं आहे. बीडच्या कट्ट्यावर, कपिलधारच्या यात्रेत, लग्नाच्या पंगतीत. लोक हसतात. एक मेंबर होता, त्याला मागता येत नव्हतं, असं म्हटलं की हसतातच. मग मीही हसतो आणि घरी येऊन पुन्हा चडफडतो. आता तर सगळेच मागतात. ज्यांना निवडून दिलं ते मागतात, ज्यांना पाडलं ते मागतात. मागणं म्हणजेच काम असं झालं आहे, आणि त्यात चूक आहे असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? मीच त्यांना तेव्हा हेच सांगत होतो. तरी एखाद्या सभेत कुणी छातीवर हात ठेवून जिल्ह्यासाठी हे मागितलं नि ते मागितलं असं ओरडायला लागला, की मला ती पहिल्या रांगेतली खुर्ची आठवते. बिनकामाची. स्वच्छ.

त्यांचा शेवटचा हुरडा मी पाहिला. हात थरथरायला लागले होते, कणीस तळव्यावर ठरत नव्हतं. दोनदा आगीत पडलं. केरबा पुढं सरला तर त्याच्याकडं असं पाहिलं की तो तिथंच थिजला. मग कमळ उठली. तेव्हा ती आमच्याच शाळेत मुलांना शिकवायला लागली होती. तिनं कणीस घेतलं, चोळलं, फुंकलं आणि त्यांच्यापुढं मूठ धरली. ताटली शेजारीच होती. आबासाहेबांनी ताटलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. आणि तळहात तिच्या मुठीखाली धरला.

दाणे पडले. ते एकेक करून खात राहिले. मी पाखरांकडं बघत बसलो, कारण दुसरीकडं कुठं बघायची सोय नव्हती.

आज सकाळी सूनबाई म्हणाली, कमळताईंचा दोनदा निरोप आला, शिळा कोरणारा माणूस खोळंबला आहे, एक 'बरोबर आहे' लिहायला इतके दिवस? तिचं खरं आहे. दप्तरात कागद आहे, कागदावर मोहर आहे, खाली नाव आहे. कुणीही म्हणेल आबासाहेबांनी अर्ज केला, विनंती केली, हात जोडले. मी होकार दिला की ते दगडात जाईल. पोरं रोज दारातून जाताना वाचतील. ज्या एका गोष्टीसाठी तो माणूस आयुष्यभर हट्टानं, मूर्खपणानं, आम्हा सगळ्यांचं नुकसान करून ताठ उभा राहिला, ती मी एकदा रागानं मोडली होती. आता आळसानं पुन्हा मोडायची?

मी लेखणी मागून घेतली. हात माझाही हलतो आता. पण अक्षर अजून बरं येतं, तेवढं एक टिकलं आहे. कमळनं पाठवलेल्या मजकुरावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'आबासाहेबांनी या शाळेसाठी आपली मेंबरी दिली.' त्याखाली माझी सही केली, आणि कमळला कळावं म्हणून दोन ओळी आणखी लिहिल्या: 'तुला सापडलेल्या अर्जाचं अक्षर माझं आहे. त्यातलं मागणंही माझंच होतं.'